कोवळे गवत आणि आजारी तट्टे: डेव्हनहून घरी पत्र

एक्सेटरजवळ, डेव्हन, इंग्लंड
२० एप्रिल

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. मी येथे खुशाल आहे.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की थंडी सरली, ऊन पडू लागले, कुरणे हिरवी झाली, तर मग जनावरांची दुखणी कमी व्हायला हवीत. तुझे काम नेमके याच दिवसांत का वाढते? जनावरांच्या दवाखान्यातून निरोप आल्यामुळे त्या वेळी बोलणे अर्धवट राहिले, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पत्राच्या शेवटी आपल्या मोत्या कुत्र्याविषयी थोडे लिहिले आहे, ते मात्र बेदाण्याच्या शेडवरच्या सगळ्यांना वाचून दाखवा.

आपल्याकडे चैत्र-वैशाख म्हणजे वैरणीची ओढाताण. गंजी संपत आलेली असते आणि पहिल्या पावसापर्यंत जनावर कसे जगवायचे हीच चिंता असते. येथे नेमके उलट आहे. हिवाळाभर गवत थिजलेले असते आणि मार्चच्या अखेरीस जमिनीला थोडी ऊब लागली की ते इतक्या झपाट्याने वाढते की एप्रिल-मे हे दोन महिने जनावरांना खायला उणे काही नसते. हा भाग दुधाचा आहे. इथल्या पुष्कळ कुरणांत जे राय गवत पेरलेले असते, ते गाईंनी भरपूर दूध द्यावे म्हणून निवडलेले, साखरेने भरलेले गवत आहे. गाईला ते मानवते. परंतु डार्टमूर आणि एक्समूरच्या उंच, ओसाड माळांवर खुरटे गवत आणि झुडपांचे शेंडे खाऊन पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या तट्टांच्या जाती आता मुलांच्या रपेटीसाठी याच कुरणांत बांधल्या जातात, आणि दुखण्याचे मूळ तेथे आहे. माळावरचे तट्टू हिवाळ्यात रोडावायचे आणि वसंतात अंग धरायचे. आता त्याला हिवाळाभर झूल आणि खुराक मिळतो, त्यामुळे ते वसंतात पाऊल टाकते तेच मुळी लठ्ठ होऊन.

या दुखण्याला लॅमिनायटिस म्हणतात. घोड्याच्या खुराचे कवच आणि आतले हाड यांना एकमेकांशी धरून ठेवणारे अतिशय पातळ पापुद्रे असतात आणि जनावराचा सगळा भार त्या पापुद्र्यांच्या पकडीवर तोललेला असतो. गवतातली साखर पोटात गेली की रक्तातले इन्सुलिन वाढते. निरोगी घोड्यात ते पुन्हा खाली येते, पण लठ्ठ तट्टांत आणि काही म्हाताऱ्या घोड्यांत ते चढलेलेच राहते आणि त्याचा आघात या पापुद्र्यांवर होतो. पकड सैल झाली की आतले हाड फिरते किंवा खाली खचते. फार वाढले तर ते तळव्यातून बाहेर येऊ पाहते, आणि मग त्या मुक्या जिवाला सोडवण्यावाचून आमच्या हाती काही उरत नाही.

परवाच एका शेतावर वेल्श जातीचे एक करडे तट्टू पाहिले. मालकीणबाई म्हणाल्या, दोन दिवस ते जरा आळसावले आहे, वळायला नको म्हणते. तट्टू पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकून आणि सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभे होते. मी खाली बसून पुढच्या पायाच्या गाठीमागे बोटे ठेवली. निरोगी जनावरात तेथली नाडी शोधावी लागते, पण येथे ती बोटांखाली ठणठण उडत होती आणि खूर हाताला गरम लागत होता. त्याला लगेच कुरणातून काढले, लाकडाच्या भुशाचे जाड अंथरूण घातले, वेदनाशामक दिले, रक्ताचा नमुना घेतला आणि खुरांचे एक्स-रे काढले. हाड फारसे फिरलेले नव्हते, त्यामुळे आशा आहे. परंतु नालबंद आणि आम्ही मिळून कित्येक महिने त्याच्यामागे असू. खाण्याला सध्या फक्त भिजवलेले वाळके गवत. ते पाण्यात काही तास बुडवून ठेवले आणि ते पाणी ओतून दिले की त्यातली बरीच साखर निघून जाते.

सर्वांत अवघड जाते ते लोकांना हे पटवणे. रात्री कडाक्याची थंडी आणि सकाळी लख्ख ऊन असा दिवस असला की प्रत्येकाला वाटते, आज घोडा मोकळा सोडावा. परंतु पारा ५ अंशांच्या खाली असला की गवताची वाढ थांबते, मात्र उन्हात साखर तयार होणे थांबत नाही. खर्च न झालेली ती साखर पात्यातच साठते. म्हणून हिमकण पडलेली, डोळ्यांना सुंदर दिसणारी सकाळच या तट्टांना सर्वांत घातक असते. ज्या रात्री थंडी नसते, त्या दिवशी पहाटे सोडून मध्यान्हीच्या आत परत आणणे त्यातल्या त्यात बरे. काही जण कुरणात विजेची तार ओढून रोज पट्टाभरच चरू देतात, तर काही तट्टाच्या तोंडाला मुसके बांधतात. हो बाबा, आपण कोळपणीच्या वेळी बैलांना बांधतो तसेच. येथले मुसके रबराचे असते आणि तळाला एक भोक असते, त्यातून घासभरच गवत तोंडात येते. शेजारपाजारच्यांना ही क्रूरता वाटते. माझे मत विचाराल तर, लठ्ठ तट्टाला मुसके न बांधता राय गवतात सोडणे याहून मोठी क्रूरता मी येथे पाहिलेली नाही.

गवताखेरीज दुसरे संकट सायकमोर नावाच्या झाडाचे. ही झाडे कुंपणांवर सर्वत्र आहेत. शरद ऋतूत त्यांच्या पंखवाल्या बिया वाऱ्याबरोबर भिरभिरत कुरणात पडतात आणि याच दिवसांत त्यांना दोन-दोन पानांची कोवळी रोपे फुटतात. रोपांत आणि बियांत हायपोग्लायसिन ए हे विष असते. त्यामुळे स्नायूंना चरबीपासून ऊर्जा मिळणे बंद पडते, घोडा ताठरतो, घाम फुटतो, लघवी काळपट चहासारखी होते आणि पुष्कळदा दोन-तीन दिवसांत सगळे संपते. या आजारात सापडलेल्या दर चार घोड्यांपैकी सुमारे तीन दगावतात. गंमत म्हणून नव्हे, तर तुम्हाला ओळख पटावी म्हणून सांगते: बिहारमध्ये मुजफ्फरपूरला उपाशीपोटी लिची खाल्लेली मुले दगावत होती, त्यामागे लिचीतले हेच विष आणि त्याच्याच जातीचे आणखी एक विष असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. वर्षानुवर्षे ज्याला लोक गूढ आजार म्हणत होते, त्याचे मूळ तेथेही फळात आणि येथेही रोपात निघाले. रोपांवरून यंत्र फिरवून किंवा तणनाशक मारून भागत नाही, कारण सुकलेल्या रोपातही विष राहते. ती हाताने उपटून काढावी लागतात किंवा तो कोपरा कुंपणाने तोडावा लागतो. आमच्या जवळच्या एका पागेत या आठवड्यात घरातली सगळी माणसे, आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत, बादल्या घेऊन रोपे उपटत होती, ते पाहून मला आपली निंदणी आठवली आणि बरे वाटले.

कुत्र्यामांजरांचे म्हणाल तर ईस्टरचा सण नुकताच झाला. चॉकलेटची अंडी घरोघरी असतात आणि मुलांसाठी बागेत लपवलेली अंडी कुत्रा मुलांच्या आधी शोधतो. चॉकलेटमधले थिओब्रोमिन माणसाच्या शरीरातून लवकर निघून जाते, कुत्र्याच्या शरीरातून ते फार सावकाश जाते. चॉकलेट जितके काळे आणि कडू तितके ते अधिक घातक. ओकारी, धडधड, मग झटके. वेळेवर आणलेला कुत्रा बहुधा वाचतो.

मांजरांसाठी लिली. आई, हे तू धाकटीला पुण्याला आवर्जून कळव, कारण तिच्याकडे मांजर आहे आणि वाढदिवसाच्या पुष्पगुच्छांत आता तिकडेही लिलियमची फुले सर्रास असतात. या फुलाचा प्रत्येक भाग मांजराला विषारी आहे: पाकळी, पान, देठ, एवढेच काय फुलदाणीतले पाणीसुद्धा. परागकण अंगावर पडले आणि मांजराने अंग चाटले, तेवढेही पुरते. पहिल्या दिवशी ओकारी होते, मग मांजर सुधारल्यासारखे वाटते आणि तोपर्यंत मूत्रपिंडे निकामी होऊ लागलेली असतात. पहिल्या काही तासांत सलाईन सुरू झाले तर जीव वाचतो. दोन दिवसांनी आणलेल्या मांजरासाठी फार थोडे करता येते. घरात मांजर असेल तर लिली घरात नको, उंच फडताळावरही नको.

माळावर फिरायला नेलेल्या कुत्र्यांना या दिवसांत ॲडर चावतो. ब्रिटनमधला हा एकमेव विषारी साप, आपल्या घोणसाच्याच कुळातला, पण तेवढा जहाल नाही. थंडीची झोप संपवून तो मार्च-एप्रिलमध्ये उन्हाला येऊन पडतो, सुस्त असतो, आणि कुत्रा नाक खुपसतो. त्यामुळे दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर असतो. कुत्र्याला चालवत न आणता उचलून आणा, जखम कापू नका, आवळून बांधू नका, एवढे आम्ही सर्वांना सांगत असतो. बहुतेक कुत्री बरी होतात.

गोचिडांचे मात्र तुम्हाला नवल वाटेल. आपल्याकडची कुत्र्यांवरची गोचीड गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत, खाटेच्या बाजांत राहते आणि घरातच पिढ्या वाढवते. येथली गोचीड घरात तग धरत नाही. ती गवताच्या किंवा नेच्याच्या पात्याच्या टोकावर पुढचे पाय पसरून वाट पाहत बसते आणि मेंढी, हरीण, कुत्रा, माणूस जे घासून जाईल त्याला चिकटते. तिच्यामुळे लाइम नावाचा जिवाणूंचा आजार माणसालाही होतो. जितका वेळ ती रक्त पीत राहील तितका धोका वाढतो, म्हणून माळावरून आल्यावर कानांमागे, बगलेत, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून पाहायचे. काढताना चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढायची. आपल्याकडे रॉकेल किंवा तेल लावतात किंवा काडीने चटका देतात, ते करू नका. त्रासलेली गोचीड पोटातले रक्त जखमेत परत ओकते आणि रोगजंतू त्याबरोबरच आत जातात. मोत्याच्या अंगावर दिसल्या तर नुसत्या काढून भागणार नाही, शेडच्या भिंतींच्या भेगाही साफ कराव्या लागतील, आणि तो मलूल होऊन ताप आला किंवा नाकातून रक्त आले तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्त तपासा.

बागांतल्या गोगलगायींसाठी येथे पूर्वी मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्या टाकत. कुत्रे त्या खाण्याच्या वासाने चघळत आणि थरथर, झटके, प्रचंड ताप येऊन मरत. २०२२ पासून ब्रिटनमध्ये त्यांचा बाहेर वापर बंद झाला, तरी जुन्या डब्यांतल्या गोळ्या अजून अधूनमधून निघतात. आपल्याकडे सोयाबीनमधल्या शंखी गोगलगायींसाठी याच गोळ्या टाकतात. मामांना सांगा, पावसाळ्यात गोळ्या टाकतील तेव्हा कुत्री बांधून ठेवा आणि उरलेले पाकीट कुलपात ठेवा.

आता मोत्या. बेदाण्याचा हंगाम आटोपत आला असेल. बाबा, द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. द्राक्षातले टार्टारिक आम्ल त्याला कारणीभूत असावे असे अलीकडे मानले जाते. बेदाण्यात पाणी निघून गेलेले असल्यामुळे मूठभर बेदाणे म्हणजे बरीच द्राक्षे होतात. एखादा कुत्रा पुष्कळ खाऊनही ठणठणीत राहतो आणि दुसरा थोडेसेच खाऊन दगावतो, म्हणून किती चालतील हे कोणी सांगू शकत नाही. येथे ईस्टरला बेदाणे घातलेले गोड पाव करतात आणि त्यापायी दरवर्षी कुत्री दवाखान्यात येतात. शिजवून किंवा भाजून विष जात नाही, त्यामुळे सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिराही त्याला नको. शेडमध्ये जाळ्यांखाली गळलेले बेदाणे रोज संध्याकाळी झाडून घ्या, निवडताना बाजूला काढलेला माल उघड्या पाटीत ठेवू नका आणि डिपिंगच्या, म्हणजे द्राक्षे सुकवण्याआधी ज्यात बुडवतात त्या द्रावणाची टाकी झाकून ठेवा. आजवर त्याला काही झाले नाही असे तुम्ही म्हणाल. तो खातो किती हे कोणी पाहिलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. बेदाणे खाल्लेले कळले तर ओकारीची वाट न पाहता, दोन तासांच्या आत डॉक्टरांकडे न्या. घरी मिठाचे पाणी पाजून ओकवू नका, त्या मिठानेच कुत्री दगावतात. आधी ठीक दिसून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली तर फार उशीर झालेला असतो.

तालुक्याच्या डॉक्टरांचा नंबर शेडच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि मोत्याच्या रेबीजच्या लशीची तारीखही त्याखाली लिहा. माझ्या अंदाजाने ती जूनमध्ये येते.

आजीला माझा साष्टांग नमस्कार सांगावा, धाकटीला आशीर्वाद.

तुमची,
थोरली