शुभाला पत्र: मॉनिटर घ्यावेत का?

ठाणे (पश्चिम)
८ फेब्रुवारी

प्रिय शुभा,

घरी गाणी ऐकायला स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे रेकॉर्डिंग स्टुडिओत वापरतात ते स्पीकर, घ्यावेत का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, गप्पा नंतर. स्टुडिओ मॉनिटर जरूर घे, पण हॉलमध्ये ठेवायचे असतील तर अजिबात घेऊ नकोस. मधल्या खोलीत, जिथे टेबल मांडून तू पेपर तपासतेस, तिथे ठेवणार असशील तर डोळे मिटून घे.

अगं, हे स्पीकर एका खुर्चीसाठी असतात. स्टुडिओत रेकॉर्डिस्ट त्यांच्यासमोर जेमतेम तीन-चार फुटांवर बसतो. दोन स्पीकर आणि त्याचं डोकं, असा समभुज त्रिकोण. ट्विटर, म्हणजे खोक्यातला वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला. त्या जागी बसलं की गाणं समोर उभं राहतं, आणि उठून चहा टाकायला गेलं की उरतो नुसता आवाज. आमच्या हॉलमध्ये जुना साउंडबार अजून आहे तो याचसाठी. सासूबाईंची सकाळची भक्तिगीतं त्याच्यावरच लागतात, कारण त्यांना ती देवघरापासून गॅलरीपर्यंत ऐकू यायला हवी असतात. ते काम मॉनिटरला सांगू नये. शिवाय हॉलमधला जो कोपरा स्पीकरला योग्य, नेमका तिथेच भाद्रपदात मखर येतं. त्यात कोण जिंकणार हे तुला सांगायला नको.

‘स्टुडिओचं सामान घरात कशाला’ असं तुझे दीर म्हणाले ना? त्यांना यामाहाच्या एनएस-१०ची गोष्ट सांग. पांढऱ्या कोनाचा, म्हणजे समोरच्या थरथरणाऱ्या पडद्याचा, तो स्पीकर स्टुडिओच्या जुन्या फोटोंत हमखास दिसतो. १९७८ साली तो आला होता घरी गाणी ऐकणाऱ्यांसाठी. त्यांना तो कर्कश वाटला. रेकॉर्डिस्टांनी मात्र उचलला, ट्विटरचा चरचरीतपणा कमी करायला कोणी त्यावर टिश्यू पेपर लावले, आणि २००१मध्ये उत्पादन थांबेपर्यंत तो जगभरच्या स्टुडिओंत ठाण मांडून होता. उलट बीबीसीने एलएस३/५ए हा चिमुकला मॉनिटर बनवला तो बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीतल्या अडचणीच्या जागेसाठी, आणि घरच्या शौकिनांनी त्याला डोक्यावर घेतलं. तेव्हा दिरांचं ऐकून घे आणि सोडून दे.

आता व्यवहाराचं. किंमत बहुतेक ठिकाणी एका नगाची लिहिलेली असते, जोडीची नाही, हे आधी बघ. प्रत्येक खोक्यात स्वतःचा अँप्लिफायर असतो, बऱ्याच मॉडेलांत वूफरला (खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर) वेगळा आणि ट्विटरला वेगळा. म्हणजे बाहेरचा अँप्लिफायर नको, पण भिंतीवर दोन प्लग जास्तीचे हवेत. रिमोट सहसा नसतो. आवाजाचं बटण बहुतेकदा स्पीकरच्या पाठीवर, आणि तेही प्रत्येकाचं वेगळं! म्हणून मध्ये आवाजाचा नॉब असलेला डॅक (फोन-लॅपटॉपमधल्या डिजिटल गाण्याचा स्पीकरला चालणारा सिग्नल करणारी डबी) किंवा तेच काम करणारा छोटा ऑडिओ इंटरफेस लागतोच. तो खर्च पहिल्यापासून धर.

वायरीत कंजुषी करू नकोस. आमच्याकडे लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकरमधून बारीक किरकिर यायची, चार्जर काढला की गायब. साध्या आरसीए वायरीच्या जागी बॅलन्स्ड टीआरएस वायर लावली आणि किरकिर गेली. या वायरीत तोच सिग्नल दोन तारांतून जातो, एकीत सुलट, दुसरीत उलट. वाटेत शिरलेली घरघर मात्र दोन्हींत सारखीच असते. पलीकडे एकातून दुसरा वजा होतो, गाणं राहतं, घरघर कटते. फक्त डॅकला किंवा इंटरफेसला तसं आउटपुट आहे ना, हे विचारून घे. ट्विटरमधून येणारा हलका ‘स्स्स’ मात्र याने जात नाही, तो आतल्या अँप्लिफायरचाच. घोडबंदर रोडवर रात्रभर ट्रेलर धावतात, त्यामुळे तो ऐकू येण्याची चैन आम्हाला नाही. तुमच्या नाशिकच्या गल्लीत येईल.

पण खरी मेख खोलीत आहे. नव्या फ्लॅटमध्ये जाऊन एक टाळी वाजव. ‘टर्र’ असा परतून आवाज आला तर कुठल्याही कंपनीचे स्पीकर आण, डोकंच दुखणार. आपल्याकडच्या घरांत खाली गुळगुळीत टाइल्स, समोर काचेची सरकती खिडकी, वर पीओपी. आवाजाला मुरायला जागाच नाही. मॉनिटर ऐकून कान थकतात असं म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या खोल्या दोषी असाव्यात असं माझं मत आहे. मी जाड सतरंजी घातली, खिडकीला दुहेरी पडदा लावला आणि पाठीमागच्या भिंतीवर आजीची गोधडी टांगली. नितीन म्हणाला, धोबीघाट झालाय. असू दे.

खर्जाचं गणित त्याहून हट्टी. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फूट अंतर असेल, तर साधारण ५६ हर्ट्झची लाट त्यांच्यामध्ये अडकून राहते. त्या पट्टीतलं काहीही वाजलं की काही जागी घुमतं आणि काही जागी जवळजवळ गायब होतं. बरोबर मधोमध बसलीस तर ते गायब, भिंतीला टेकलीस तर घुमणार. म्हणून खुर्ची पुढेमागे सरकवून बघायची. खर्जाची हवा सोडणारं भोक पाठीमागे असलेले स्पीकर भिंतीपासून जरा पुढे ओढायचे. काहींच्या पाठीवर खर्ज उतरवायचा छोटा स्विच असतो, लहान खोलीत तो बिनधास्त वापर. आणि पाच इंचांहून मोठा वूफर घेऊ नकोस, दुकानदार आठ इंची कितीही वाजवून दाखवो. टेबलावर ठेवशील तर खाली फोमचे तुकडे सरकव. मी जुनी योगा मॅट कापली. त्याआधी पेनस्टँडमधली पेनं तबल्याच्या साथीला थरथरायची.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. आवाज हळू असला की आपल्या कानांना खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ साली मोजून दाखवलं. जुन्या अँप्लिफायरवर ‘लाउडनेस’चं बटण असायचं ते याचसाठी. मॉनिटरवर ते सहसा नसतं. रात्री अकराला, शेजाऱ्यांचं बाळ झोपलेलं असताना ऐकलंस तर गाणं किडकिडीत वाटेल. स्पीकरमध्ये बिघाड नाही. तेवढ्यापुरता फोनच्या प्लेअरमध्ये खर्ज थोडा वाढव. शुद्धतावाले नाक मुरडतील, मुरडू देत.

एवढा खटाटोप कशासाठी, तर जुनं मोनो भावगीत लाव. दोन्ही स्पीकरमधून एकच सिग्नल येतोय, आणि गायिका मात्र मधोमध, जिथे नुसती भिंत आहे तिथे उभी. मान जरा डावीकडे नेलीस की ती डाव्या खोक्यात जाऊन बसते. मांडणी जमली का, याची हीच परीक्षा. मग एखादी खाजगी मैफल लाव. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा झंकार, अशी उलगडते की तारा वेगवेगळ्या धरता येतात. पेटीच्या पट्ट्यांची खटखट, दोन बंदिशींच्या मध्ये तबल्यावर पडणारी हातोडी, गवयाने घोट घेतलेलं पाणी, सगळं येतं. तुझ्या त्या आवडत्या कॅसेटची डिजिटल आवृत्ती मात्र तयारीने ऐक. कोणीतरी खरखर काढताना वरचे सूरही खरवडून टाकलेत आणि वर एको ओतलाय. साउंडबारवर ते कधी कळलं नव्हतं. मी ती आता साउंडबारवरच ऐकते.

कुठलं मॉडेल ते पत्रात ठरवू नये. होळीच्या सुट्टीत ये, राहायलाच ये. तुझी गाणी पेनड्राइव्हवर घेऊन ये, दुकानातली चकचकीत गाणी ऐकून काही ठरत नाही. आणि नव्या खोलीची मापं आण, दारं-खिडक्यांसकट. मेट्रोच्या कामामुळे इथे रिक्षा कुठून वळवतील याचा नेम नाही, तेव्हा तीन हात नाक्याला उतरून फोन कर, नितीन घ्यायला येईल.

काकूंना नमस्कार सांग. आणि सरांचे ते नोटेशनचे कागद सापडले का, तेही कळव.

तुझी,
अंजू