बेलवर ठेवलेलं बोट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मानेवाड्यात 22 वर्षांपासून माझं किराण्याचं दुकान आहे. पूर्वी आठवी-नववीतली पोरं यायची, "काका, पावशेर साखर, आईनं लिहून ठेवा म्हटलं" असं लांबूनच ओरडायची, चिल्लर कमी आली तर भांडायची. आता बरीच मुलं आईचा मेसेज उघडून मोबाइल माझ्यापुढे धरतात. तूरडाळ कोणती देऊ, एवढं विचारलं तरी मान खाली जाते आणि तिथूनच आईला मेसेज जातो. घर समोरच्याच गल्लीत असतं.

माझ्या घरीही हेच आहे. मुलगी नववीत आहे. मागच्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी फिरतात त्या सणाला, तिला म्हटलं, भावाचा नंदी घेऊन त्याला चार घरी फिरवून आण. पहिल्याच घरी ती थबकली. बोट बेलवर ठेवलेलं, पण दाबवेना. हाताला घाम सुटलेला. "दाब ना ताई," भाऊ म्हणत होता. सात वर्षांची असताना हीच पोरगी अख्खी वस्ती फिरून बोजारा, म्हणजे घरोघरी मिळालेले पैसे, मोजत घरी यायची. त्या रात्री मी रागानं तिचा मोबाइल काढून घेतला. दुसऱ्या दिवशीच्या चाचणीची सूचना क्लासच्या ग्रुपवर आली, तिला कळलीच नाही. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली आणि दोन दिवस ती घराबाहेर पडली नाही. चूक माझी होती.

मानसोपचार डॉक्टरांनी मग नीट समजावलं. चारचौघांची भीती वाटली की मूल मोबाइलमध्ये तोंड खुपसतं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण बोलायची सवय तितकीच मोडते आणि पुढच्या खेपेला भीती जास्त वाटते. मेसेज दहादा खोडून लिहिता येतो, तोंडातून गेलेला शब्द खोडता येत नाही. म्हणून ही मुलं तोंडच उघडत नाहीत, आणि आपण त्यांना शिष्ट म्हणतो, याचं फार वाईट वाटतं.

रोज तीन तासांहून जास्त वेळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या किशोरांना नैराश्य आणि चिंतेची लक्षणं दिसण्याचा धोका दुप्पट असतो, असं अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे तिथल्या सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी 2023 मध्ये सांगितलं होतं. ऑस्ट्रेलियानं 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना या माध्यमांवर खातं ठेवायला मनाईच केली. आपल्याकडे नुसत्या बंदीनं भागेल असं मला वाटत नाही, कारण गृहपाठापासून सुटीपर्यंत सगळं आपणच मोबाइलला टांगून ठेवलंय. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 मध्ये वेगळी वाट काढली. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, मोठ्यांचेसुद्धा. मला यातलं 'मोठ्यांचेसुद्धा' महत्त्वाचं वाटतं.

मुलगी आता रविवारी तासभर गल्ल्यावर बसते. परवा एका आजींनी पोह्याचा भाव विचारला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी पोतं शिवत राहिलो. बऱ्याच वेळानं तिनं भाव सांगितला, हळू आवाजात. आजी थांबल्या, त्यांचे उपकार आहेत.

नागपुरातल्या शाळांना आणि क्लासवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या जूनपासून गृहपाठ फळ्यावर लिहून द्या, रात्री ग्रुपवर सूचना टाकू नका. आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लावा. आम्हाला तो फार उशिरा कळला.

— एक किराणा दुकानदार, मानेवाडा, नागपूर