प्रिय मंद्या, तुझ्या त्या शेऱ्याबद्दल

बॉथेल, 14 डिसेंबर 2025

प्रिय मंद्या,

रागावलास तर रागाव, पण वाच. दिवाळीचा तुझा फोटो पाहिला, चकल्या कुणी केल्यात तेही ओळखलं, आणि उत्तर दिलं नाही. गेल्या वर्षी सप्टेंबरात आपल्या वाझूच्या (वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या) अमेरिकन फुटबॉलच्या गटाने, पॅक-12 ने, माउंटन वेस्ट या दुसऱ्या गटातली विद्यापीठं फोडली, त्यावर तू फोनवर ‘चोरावर मोर’ म्हणालास आणि मी फोन आपटला. तेव्हापासून आपलं जे चाललंय त्याला तुझी बायको पोरखेळ म्हणते, असं पाटील वहिनींकडून कळलं. माझी कंबर ठीक. शुगर काठावर. झालं.

आता मुद्दा. आमच्या ऑफिसात एक वायोमिंगचा माणूस आलाय, थेट लारामीचा, म्हणजे वायोमिंग विद्यापीठाच्या गावचा. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी मी जरा तोऱ्यात होतो. शनिवारी पुलमनला, आपल्या विद्यापीठाच्या गावी, जाऊन वाझूला ऑरेगन स्टेटला 32-8 असं लोळवताना पाहून आलो होतो. सहा विजय झाले, म्हणजे मोसमानंतरचा सामना पदरात. (कुठला, ते ऐकून हसू नकोस. बॉयसीच्या निळ्या मैदानावरचा, आयडाहोच्या बटाट्याच्या नावाचा.) मी त्याला ऐकवत होतो, की दोनच जणांची पॅक-12 आता संपली, येत्या 1 जुलैपासून आम्ही पुन्हा आठ. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यातलं कोलोरॅडो स्टेट कुणाचं?” वायोमिंग माउंटन वेस्टचंच, आणि कोलोरॅडो स्टेट आजवर तिथलंच.

मग त्याने मला बुटाची गोष्ट सांगितली. 1968 पासून वायोमिंग आणि कोलोरॅडो स्टेट एका बुटासाठी खेळतात. व्हिएतनामच्या युद्धात एका अधिकाऱ्याच्या पायात असलेला खरा बूट, ब्रॉन्झने मढवलेला. जिंकेल त्याने तो वर्षभर मिरवायचा. याचे वडील 7,220 फुटांवरच्या त्या स्टेडियमात नोव्हेंबरच्या वाऱ्यात याला मांडीवर घेऊन बसायचे. म्हणाला, “सिएटलच्या हस्कींशी, वॉशिंग्टन विद्यापीठाशी, तुमचा अ‍ॅपल कप तसा आमचा बूट. हस्कींनी तुमचं केलं तेच तुम्ही आमचं केलंत.” आवाज चढवला नाही, काही नाही. आणि जाता जाता, “गेल्या वर्षी 15-14, आठवतंय ना?” हे मात्र त्याने म्हणायला नको होतं. पुलमनमध्ये, आपल्याच घरात, शेवटच्या मिनिटांत हरलो होतो आपण त्यांच्याशी.

मला एक शब्द सुचला नाही. तू खुर्चीत मागे रेलून हसतोयस हे इथून दिसतंय मला. थांब. माझी बाजू अजून संपलेली नाही.

30 जून 2022 ला यूएससी आणि यूसीएलए पॅक-12 सोडून निघाले, तेव्हा तूच म्हणालास की लॉस एंजेलिसवाले कधी आपले नव्हतेच, जाऊ देत. गेले. पुढच्या वर्षी जुलैअखेर कोलोरॅडो गेलं. आणि 4 ऑगस्ट 2023 ला एका दिवसात पाच जण दुसऱ्या गटांत. ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, अ‍ॅरिझोनाची दोन्ही विद्यापीठं आणि यूटा बिग 12 मध्ये. 1915 पासूनचा संसार दुपारच्या चहापर्यंत आटोपला. का, तर बाकीच्यांकडे टीव्हीचे करार होते आणि आपल्या गटाच्या साहेबांनी पुढे ठेवला तो अ‍ॅपलचा, जितके वर्गणीदार तितके पैसे असा. हस्कींना बिग टेनमध्ये सुरुवातीला पूर्ण वाटाही मिळणार नव्हता, तरी गेले. सप्टेंबरात स्टॅनफर्ड आणि कॅल ‘अ‍ॅटलांटिक कोस्ट’मध्ये गेले. पॅसिफिकच्या काठावरची दोन विद्यापीठं! गोखले बाईंनी नकाशाची वही तोंडावर फेकली असती. पुढच्या मोसमात हस्की शुक्रवारच्या रात्री सामना खेळायला पार न्यू जर्सीला गेले आणि रटगर्सकडून 21-18 ने हरले. त्या रात्री मी फ्रीजमधलं सगळं श्रीखंड संपवलं.

मागे राहिले ते वाझू आणि ऑरेगन स्टेट. आणि वर बघ, वेगळे होऊन गेलेले दहाही जण तिजोरीच्या बैठकीत बसायला तयार! तुमच्या देवगडच्या घराचं काकांनी केलं, अगदी तस्सं. ज्या कोलफॅक्समध्ये तू वेगाचा दंड भरलास, त्याच गावच्या कोर्टात नोव्हेंबर 2023 मध्ये निकाल लागला, की जातो म्हणून सांगितलंत तिथे तुमचं मत संपलं. मग राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही हात घालायला नकार दिला. त्या दिवशी तू पुण्याहून किंचाळला होतास, मला ऐकू आलं होतं. तेव्हा नव्हतं काही तुझं मोर-बीर.

आता सांग, पुढे काय करायचं होतं? दोघांची कॉन्फरन्स होत नाही. नियमाने आठ लागतात, आणि सवलत दोन वर्षांची. एक तर माउंटन वेस्टच्या दारात जाऊन उभं राहायचं, नाही तर त्यांच्यातले चांगले उचलायचे. 12 सप्टेंबर 2024 ला बॉयसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि कोलोरॅडो स्टेट आले, मागोमाग यूटा स्टेट. मी तुला आनंदाने फोन केला. पुढचं तुला माहीत आहे.

तुझं म्हणणं, की ज्या माउंटन वेस्टने वर्षभर आपल्याला खेळायला सामने दिले, त्यांचीच पोरं पळवली. सामन्यांच्या करारात दंडाचं कलम होतंच, पळवलीत तर इतके कोटी. सही आपण केली आणि दंडाची वेळ आल्यावर कोर्टात गेलो. यावर मी तेव्हा म्हणालो तेच आजही म्हणेन, बुडणाऱ्याने पोहायचं. पण बोलताना समोर तू असतोस, तेव्हा मला जोर येतो. तो लारामीवाला असतो तेव्हा येत नाही. त्याचं गाव पुलमनसारखंच रे. चहूकडे वारा, विद्यापीठ सोडलं तर काही नाही, टीव्हीवाल्यांच्या हिशेबात शून्य. आपल्याला निदान सिएटलमधले माझ्यासारखे वेडे आहेत. त्यांच्या अख्ख्या राज्यात माणसं किती?

खरं सांगू, बुटापेक्षा मला दुसरंच छळतंय. त्या शनिवारी गेलो तो एकटाच. स्नोक्वॉल्मीचा घाट, व्हँटेजचा पूल, मग 26 नंबरचा रस्ता, वॉशटक्ना, डस्टी. डस्टीला तुझ्या नावाने थांबलो, तू जिथे ओकला होतास तिथे. कार्टा आला नाही. “बाबा, पुढच्या वर्षी टेक्सस स्टेटशी खेळणार तुम्ही. हू केअर्स?” त्याच्या वर्गात सगळे जांभळे, हस्कींच्या रंगाचे. हस्कींचं स्टेडियम सत्तर हजारांचं, तळ्याच्या काठावर, लोक होड्यांतून येतात. आपलं तेहतीस हजारांचं आणि गावही तेवढंच. त्यातून थँक्सगिव्हिंगची सुट्टी, पोरं घरी गेलेली, विद्यार्थ्यांची बाजू बरीच रिकामी. जिंकलो, सगळ्यांबरोबर ओरडलो, आणि मधेच लक्षात आलं की मैदानावरच्या निम्म्या पोरांची नावं मला येत नाहीत. यायची कशी? कॅम वॉर्ड गेला मायामीला आणि तिथून व्यावसायिक निवडीत पहिल्या क्रमांकावर. मटीअर गेला ओक्लाहोमाला. प्रशिक्षक डिकर्ट गेला. त्याच्या जागी आणलेला रॉजर्स एकच मोसम टिकला, याच महिन्यात गेला आयोवा स्टेटला. पोरांना पैसे मिळतात याबद्दल माझी तक्रार नाही, इतकी वर्षं फुकट राबवलं त्यांना. पण जो गडी सप्टेंबरात ओळखीचा होतो तो जानेवारीत दुसऱ्याच्या शर्टात. आणि काटकसर कुठे, तर मैदानी खेळांत. या जूनमध्ये फेकी, उड्या बंद केल्या, छोट्या शर्यती कमी केल्या, भर ठेवला तो लांब पल्ल्याच्या धावण्यावर. हेन्री रोनोने 1978 मध्ये 81 दिवसांत चार विश्वविक्रम केले ते पुलमनचा विद्यार्थी असताना. त्याच्यासाठी कुणी टीव्हीचा करार केला नव्हता.

2018 चा तो ऑक्टोबर आठवतो? ईएसपीएनवाले पहिल्यांदा पुलमनला आले, आपण अंधारात जाऊन उभे, सगळ्यांनी आपल्या मिशीवाल्या खेळाडूच्या, मिन्शूच्या नावाने खोट्या मिशा लावलेल्या, आणि तुझी खरी आहे हे पटेना म्हणून त्या मुलीने ती ओढून पाहिली. 2003 पासून आपला झेंडा त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमात दिसायचा, कुठलंही गाव असो. ‘आम्ही आहोत, इकडे बघा’. ते आर्जव होतं हे तू तेव्हाच म्हणाला होतास आणि मी तुला मसुराचं सूप डोक्यावर ओतायची धमकी दिली होती. संध्याकाळी ऑरेगनला 34-20 हरवलं, म्हणून वाचलास.

पुढच्या मोसमाच्या तिकिटांचा फॉर्म आलाय. पहिल्यांदाच तो मी लगेच भरला नाही. नसलो आपण तर त्या जागा तिथे कोण भरणार, हे एक. आणि लारामीला हाच फॉर्म कुणी तरी हातात धरून बसलं असेल, तो बूट आता कुठल्या शनिवारी बघायचा म्हणून, हे दुसरं. दोन्ही एकाच वेळी डोक्यात चालतं आणि बायको म्हणते भांडी लाव.

तुझं घर झालं, अभिनंदन. आईंचा गुडघा कसा आहे? सईच्या दहावीचं मी विचारत नाही, ती चिडते. नोकरी सोडायचं म्हणत होतास, सोडलीस का? सविस्तर लिही, मी इथे फारच जागा खाल्ली.

लारामीवाल्याला पुढच्या शनिवारी जेवायला बोलावलंय, पुलमनभोवतीच्या पलूस भागातल्याच मसुरांची आमटी करणार आहे. त्याला काय बोलायचं ते तेवढं कळव. ‘मी बरोबर होतो’ एवढंच लिहिणार असशील, तर स्टॅम्पाचे नाहीतरी फोनचे पैसे वाचव.

तुझा,
अव्या

ता. क. कूगर गोल्डचा, आपल्या विद्यापीठाच्या चीजचा, डबा घेतलाय तुझ्यासाठी. प्रशांत जानेवारीत पुण्याला येतोय, त्याच्याकडे देतो. त्याने वाटेत फोडला तर मला नको विचारूस.