कृषी महाविद्यालय निवडताना आधी शेत बघा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की आमच्या सांगोला भागात पारावर एकच विषय असतो, पोरांना बीएस्सी अ‍ॅग्रीला कुठं घालायचं? गेल्या वर्षी मुलीसाठी मीही फिरलो. जे पाहिलं ते इतर पालकांच्या कानावर घालावं म्हणून हे पत्र.

पहिलं महाविद्यालय खासगी होतं. तीन मजली इमारत, दारात कारंजं. कार्यालयात गोड बोलून सांगितलं, "संस्थास्तरावरची, म्हणजे व्यवस्थापनाच्या कोट्यातली जागा आजच पक्की करून टाका, सरकारी प्रवेश फेऱ्यांची वाट कशाला बघता?" मी पैसे मोजणारच होतो, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आप्पा, आधी शेत बघू." प्रक्षेत्र, म्हणजे महाविद्यालयाचं शेत, रस्त्यापलीकडे होतं. फलकावर 'डाळिंब बाग' लिहिलेलं आणि खाली कमरेएवढं गाजर गवत. ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडलेल्या. घरच्या दीड एकर डाळिंबात तिनं छाटणी आणि बहार धरणं पाहिलंय, तिला दुसऱ्या कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

पैशाचं मला नंतर कळलं. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर 2024 पासून मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून झाला तरच. व्यवस्थापनाच्या जागेवर ही माफी नाही. म्हणजे त्या दिवशी घाई केली असती तर चारही वर्षांची फी माझ्या खिशातून गेली असती आणि हे त्या कार्यालयात कुणीही आपणहून सांगितलं नाही. माफी मिळाली तरी मेस आणि खोली उरतेच. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, पण पैसे खात्यावर येईपर्यंत घरातूनच भागवावं लागतं. तेवढी तजवीज आधी करून ठेवा.

दुसरं महाविद्यालय सरकारी. भिंतींचे पोपडे निघालेले, पण बाजरीच्या वाफ्यात वरच्या वर्गातली मुलं खुरपत होती. प्रत्येक वाफ्याला पत्र्याची पाटी, तिच्यावर वाण, पेरणीची तारीख, खताची मात्रा. एकानं वही दाखवली, त्यात बियाणं, मजुरी, फवारणी असा खर्च तारीखवार मांडलेला होता. मळणीनंतर नफा-तोटा काढून दाखवायचा असतो म्हणाला. शेवटच्या वर्षी हीच मुलं कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गावोगाव जातात. ज्यांनी वाफाच केला नाही ती शेतकऱ्याला काय सांगणार? आम्ही फेऱ्यांची वाट पाहिली, मुलगी आता तिथंच शिकते.

आणि पदवीच हवी असा हट्ट का? दहावीनंतरची कृषी तंत्र विद्यालयाची दोन वर्षांची पदविका मराठीतून आहे, कीटकनाशक विक्रीचा परवाना काढायलाही ती चालते. माझ्या पुतण्यानं शेती सांभाळत नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची फळबाग उत्पादनाची पदविका केली. त्याची बाग आज माझ्याहून चांगली आहे.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार विद्यापीठांकडे सरकारी महाविद्यालयं थोडी आणि संलग्न खासगी फार. निवड करायला पालकाच्या हाती जाहिरातीशिवाय काही नसतं. आपल्या प्रवेश पुरवणीत या जाहिरातींशेजारी एक तक्ता छापावा ही विनंती. महाविद्यालयाचा चार वर्षांचा मेससह एकूण खर्च, ओलिताखालचं प्रक्षेत्र किती एकर, पूर्णवेळ प्राध्यापक किती. राज्याच्या कृषी शिक्षण व संशोधन परिषदेनं ही माहिती सक्तीची करावी, पण तोवर वर्तमानपत्र विचारू शकतं. मी फिरताना वहीत टिपलेले खर्चाचे आकडे हवे असतील तर पाठवून देईन. फेऱ्या सुरू व्हायच्या आत छापून आलं तर यंदाच्या पालकांना उपयोग होईल.

आपला,
एक शेतकरी पालक
ता. सांगोला, जि. सोलापूर