इंग्रजीच्या शिक्षकांच्या वर्गासाठी मदत हवी आहे, या वेळी तरी वाचून पुढे जाऊ नका

नमस्कार मंडळी,

घाईत टाइप करतोय, शनिवारी कमिटीची मीटिंग आहे आणि त्याआधी मदतीचा आकडा हातात हवा, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना स्वतःचं डिजिटल साहित्य बनवायला शिकवायचा आपला वर्ग यंदा परत घ्यायचा ठरलंय. जुन्यांना पहिला वर्ग आठवत असेल. तेव्हा एकच माइक होता, तोही दांडिया बाजारच्या काकूंनी भजनी मंडळाचा आणून दिलेला, वर दर रविवारी चहा आणि लीलो चेवडो, आणि रेकॉर्डिंगला पंखा बंद ठेवायचा तेव्हा घामाघूम होऊन स्वतः दारात उभ्या, कोणी बोललं की बोट ओठावर. रावपुऱ्यातल्या आपल्या रिटायर्ड सरांनी पेन्शनमधून दोन लॅपटॉप घेऊन दिले आणि फळ्यावर नावसुद्धा लिहू दिलं नाही, आजही लिहीत नाही, रागावतील. त्याच वर्गात एका बाईंनी ‘हॉल’ आणि ‘होल’चा तीन मिनिटांचा ऑडिओ केला. आपल्याकडच्या गुजराती मीडियमच्या मुलांच्या कानाला हा फरक लागत नाही, स्नॅक्सचं पण स्नेक्स होतं, आणि विकतच्या व्हिडिओत हे नसतंच कारण बडोद्याचं पोर कुठे अडतं ते बनवणाऱ्याला काय माहीत? वर्गातल्या बाईंना माहीत असतं. म्हणून साहित्य त्यांनीच बनवायला हवं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१० नंतर त्यांच्या ग्रंथालय खात्याच्या पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्याखेड्यात फिरत होत्या, मॅजिक लँटर्नच्या स्लाइड दाखवत होते, त्या काळात! त्यांच्या गावात आपल्याला चार माइक जमत नाहीत?

गेल्या वर्षी असंच आवाहन टाकलं तेव्हा ग्रुपवर ४० अंगठे आले आणि पैसे ५ जणांचे. एका ठिकाणी पत्र घेऊन तीनदा गेलो, तिन्ही वेळा बाकावर बसून परत आलो. वाईट वाटलं, सांगून टाकतो. वर्ग रद्द झाला, नावं दिलेल्या शिक्षकांना फोन मला करावे लागले.

तर, दिवाळीची सुट्टी संपली की ६ रविवार, सकाळी ९ ते १२, आपला वरचा हॉल, २४ शिक्षक, फी नाही. शिकवणार काय तर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर आवाज साफ करणं, एच५पी म्हणजे मुलांनी स्क्रीनवर सोडवायचे सराव (ते बनवायच्या लुमी सॉफ्टवेअरमधून एचटीएमएल फाइल काढली की नेट नसलेल्या वर्गातही चालतात), क्रिएटिव्ह कॉमन्सची, म्हणजे वापरायची परवानगी आधीच दिलेली चित्रं शोधून खाली बनवणाऱ्याचं नाव देणं, कारण गूगलवरून उचललेलं चित्र आपलं होत नाही. सॉफ्टवेअर सगळं फुकट. ६४ केबीपीएसचा मोनो, म्हणजे हलका ऑडिओ मिनिटाला अर्धा एमबी, पालकांच्या साध्या फोनवरही जातो. पैसे लागतात ते ४ कॉलर माइक, पेनड्राइव्ह, झेरॉक्स, चहा-नाश्ता, मिळून १८,००० रुपये. लॅपटॉप ६ हवेत, उसने चालतील, चार्जर सोबत द्या. ऑफिस संध्याकाळी ६ ते ८, सोमवार बंद, पावती लगेच, शुक्रवारपर्यंत कळवा.

काकू याही वेळी दारात उभी राहते म्हणाल्यात. गुडघे दुखतात त्यांचे. खुर्ची मी ठेवतोय, पण पाळी बदलायला कोणीतरी हवं, त्यासाठीही नाव द्या.

आपला,
सेक्रेटरी