मशीन चालू करू न देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

समोरासमोर आभार मानले असते तर 'ते राहू दे, फळी धर' म्हणून तुम्ही मला गप्प केलं असतं. म्हणून हे पत्र. उघडच लिहितोय, कारण घरातल्या एखाद्या खोलीत थिकनेस प्लेनर, म्हणजे फळी रंधून एकसारख्या जाडीची करणारं मशीन, आणून ठेवलेले माझ्यासारखे हौशी पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाच्या शेजारी तुमच्यासारखं कुणी राहत नाही.

पहिले आभार, मशीन चालू करू दिलं नाहीत त्याबद्दल. तुम्ही आधी फळी सपाट टेबलावर ठेवायला लावलीत आणि एक कोपरा दाबायला सांगितलंत. फळी डुगडुगली. 'हिला पीळ आहे. आत घातलीस तर पातळ होऊन येईल, पण पीळ घेऊनच येईल,' तुम्ही म्हणालात. आतले रोलर फळीला दाबून तात्पुरती सरळ करतात, वरून पाती लाकूड काढतात, आणि बाहेर पडली की फळी पुन्हा आपल्या मूळ आकारात येते. या मशीनला सपाट म्हणजे काय ते कळतच नाही. त्याला कळतं फक्त खालचा बेड आणि वरची पाती यांच्यातलं अंतर. खालची बाजू जशी, तशी वरची. तेव्हा एक बाजू आधी दुसऱ्या कशाने तरी सपाट करायची, मगच हे मशीन दुसरी बाजू तिला समांतर करून देतं. जाहिरातींत हे कुणी सांगत नाही.

ती एक बाजू सपाट करायला जॉइंटर नावाचं मशीन हवं आणि ते माझ्याकडे नाही. हातरंद्याने होतं, पण रुंद फळीला घाम निघतो. तुम्ही जाड प्लायचा एक सरळ पाटा बनवून दिलात. फळी त्यावर ठेवायची, जिथे ती अधांतरी असेल तिथे बारीक पाचरी सरकवायच्या आणि हॉट ग्लूच्या थेंबांनी पक्क्या करायच्या. रोलर फळी पुढे ओढतो, म्हणून पाट्याच्या पुढच्या टोकाला एक आडवी पट्टी. ती फळीपेक्षा बुटकी, आणि नुसत्या गोंदाने चिकटवलेली. पात्यांच्या वाटेत खिळा किंवा स्क्रू कशाला ठेवायचा? पाट्यासकट फळी आत घातली की तिला दाबून सरळ करायला रोलरला वावच राहत नाही. वरची बाजू सपाट झाली की पाटा काढायचा, फळी उलटायची आणि नेहमीसारखं काम सुरू. माझ्या कामाच्या खोलीत याहून उपयोगी वस्तू नाही, आणि त्यात मशीनही आलं.

टोकांचंही तसंच. फळीच्या दोन्ही टोकांना साधारण 50 ते 75 मिलीमीटर भाग जरा जास्त खोल खाल्ला जातो. मधल्या भागाला दोन्ही रोलर धरून असतात, पण शिरताना आणि बाहेर पडताना एकच. बाहेर लोंबणाऱ्या वजनाने मोकळं टोक वर उचललं जातं आणि पात्यांना भिडतं. तुमचा उपाय साधा: शिरताना मागचं टोक किंचित उचलून धर, बाहेर येताना पुढचं. एकाच जाडीच्या फळ्या एकामागे एक टोकाला टोक लावून सोडल्या तर फक्त पहिलीचं आणि शेवटचीचंच टोक बिघडतं, म्हणून तिथे टाकाऊ तुकडे लावायचे. आखूड तुकडा दोन रोलरांमधल्या अंतराहून लांब हवाच. छोट्या मशीनच्या पुस्तिकेत साधारण 300 ते 350 मिलीमीटरची मर्यादा दिलेली असते. तुम्ही त्याहीपेक्षा पुढची गोष्ट दाखवलीत. तुकड्याच्या दोन्ही कडांना त्याच जाडीच्या लांब पट्ट्या चिकटवायच्या. पट्ट्या आधी शिरतात, शेवटी निघतात, आणि खड्डा पडायचा तो त्यांना पडतो.

लाकडाच्या रेषा वाचायला मला अजून वेळ लागतो. फळीच्या कडेवर पाहायचं: घालताना त्या रेषा मागच्या टोकाकडे वर चढत असाव्यात. उलट घातली तर पाती तंतू कापण्याऐवजी उपटून काढतात. गाठीभोवती रेषा दिशा बदलतात, तिथे खोली कमी करण्याखेरीज फारसा इलाज नाही. एका फेरीत दीड मिलीमीटर, रुंद किंवा कठीण लाकडाला त्याच्या निम्मं, शेवटच्या फेरीत त्याहूनही कमी, हा तुमचा हिशोब मी भिंतीवर लिहून ठेवलाय. एका कामाच्या सगळ्या फळ्या एकाच सेटिंगवर एकदम काढायच्या, नंतर तीच जाडी तंतोतंत जुळवणं कठीण, हेही. आणि दोन्ही बाजूंनी सारखं लाकूड काढायचं, म्हणजे आतली ओल एकाच बाजूला उघडी पडून फळी वाकत नाही.

सगळ्यात आवडलेली युक्ती पात्यांची. पात्याला बारीक खाच पडली की फळीवर लांबच लांब उंच रेघ उठते. मला वाटलं, आता नवीन पाती. तुम्ही वायर काढलीत, एकच पातं केसभर बाजूला सरकवलंत, आणि एकाची खाच दुसऱ्याने भरून काढली. सगळ्या मशीनमध्ये पातं असं सरकत नाही; माझ्यात सरकलं हे नशीब.

सावधगिरीबद्दल तुम्ही फार बोलत नाही, पण फळीच्या सरळ मागे कधी उभे राहत नाही, वाकून आत बघत नाही, बोटं फळीच्या खाली नेत नाही, जुन्या लाकडावर आधी चुंबक फिरवता. मास्कचं मात्र मीच तुम्हाला सांगितलं होतं: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे. त्या दिवसापासून तुम्ही मास्क लावता. कान मात्र मशीनच्या आवाजात अजून उघडेच.

एका बाबतीत आपलं जुळत नाही. बॅटरीचा उजेड तिरपा मारून पात्यांच्या बारीक लाटा दाखवायच्या आणि 'आता हातरंदा घे' म्हणायचं, ही तुमची सवय. मी पॉलिशपेपर वापरतो आणि वापरणार.

येत्या रविवारी पाती उलटायची आहेत, तुमच्याशिवाय स्क्रूला हात लावणार नाही. कानांवर लावायची दुसरी जोडी आणून ठेवलीय. ती घातल्याशिवाय स्विच दाबणार नाही, यावेळी मीच मशीन चालू करू देणार नाही.

तुमचा शेजारी,
हौशी सुतार