पाडव्याचा सामना आणि बाबांची वही

पणजी,
18 जानेवारी 2026

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो तरी पत्र कशाला, असं आई म्हणणार. त्याचं असं आहे की नको तो विषय निघाला की बाबा लगेच "एफसी गोवाचं काय म्हणणं?" असं विचारतात आणि मी भाबडी तासभर तेच सांगत बसते. पत्राला मध्येच तोडता येत नाही. तरी सुरुवात फुटबॉलनेच करते, म्हणजे बाबा निदान दुसऱ्या पानापर्यंत पोचतील.

दिवाळीच्या पाडव्याला मी घरी आले नाही याचा राग आईच्या मनात अजून आहे, हे तिने संक्रांतीला पाठवलेल्या तिळगुळाच्या डब्यावरून कळलं. चिठ्ठीत फक्त "गोड बोल" एवढंच होतं. पण आई, 22 ऑक्टोबरला अल नासर फातोर्ड्याला खेळायला आलं होतं. आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत गोव्याच्या संघासमोर सौदीचा एवढा मोठा क्लब. गट जाहीर झाले तेव्हापासून इथे एकच विषय होता, त्यांचा रोनाल्डो येणार की नाही. आमचे घरमालक काका सकाळी ‘गोमन्तक’ उघडतात ते मागच्या पानापासून. ते रोज जिन्यात गाठून मला ताजी बातमी द्यायचे, एक दिवस येणार, एक दिवस नाही. शेवटी तो आलाच नाही. म्हापशाच्या बाजारातून घेतलेले सात नंबरचे शर्ट घालून पोरं मात्र आली होती, आणि त्यांनी ते शर्ट शेवटपर्यंत अंगात ठेवले.

पहिल्या अर्ध्या तासातच आपल्यावर दोन गोल बसले. माझ्या मागे बसलेले एक आजोबा तोंडातल्या तोंडात जे बोलले ते इथे लिहीत नाही. मग मध्यंतर व्हायच्या आधी ब्रायसन फर्नांडिसने एक फेडला आणि स्टेडियम असं उसळलं की बाबा, मला आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा पेठेचा सामना आठवला. फरक एवढाच की इथे हलगी नाही, आणि जिंकल्यावर कोणी कोणाच्या गल्लीतून मिरवणूक काढत नाही. शेवटी 1-2 असे हरलो. पण मान खाली घालून कोणी बाहेर पडलं नाही.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. कारखान्याच्या बसमध्ये आमच्यातला एक जण छातीठोकपणे सांगत होता की ब्रायसनचा गोल दुसऱ्या हाफमध्ये झाला आणि नंतर आपण त्यांना गोलकडे फिरकूच दिलं नाही. तो माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसला होता! एका रात्रीत त्याचा सामना बदलून गेला होता. जुवारीचा पूल संपेपर्यंत वाद चालला. खोटं बोलत होता असं मुळीच नाही. त्याला जसा सामना हवा होता तसा तो त्याला आठवत होता.

आई, तू मला नेहमी विचारतेस की तू कारखान्यात नेमकं करतेस काय, आणि मी "क्वालिटी" म्हणून सोडून देते. आज नीट सांगते. माणसाला जे हवं ते आठवायच्या आत, जे झालं ते कागदावर उतरलंय का, हे बघायचं. वेर्ण्याच्या आमच्या कारखान्यात औषधाची गोळी बनते तेव्हा तिच्याबरोबर एक जाडजूड कागदांचा गठ्ठाही बनत जातो. कोणतं पोतं किती वाजता उघडलं, वजन किती भरलं, खोलीत ओलावा किती होता, सगळं त्यात. कोणी केलं ते कळलं पाहिजे, वाचता आलं पाहिजे, ज्या वेळी झालं त्याच वेळी लिहिलेलं पाहिजे, नोंद मूळ असली पाहिजे आणि बरोबर असली पाहिजे. परदेशातून तपासणीला येणारी माणसं गोळीकडे नंतर बघतात, आधी हा गठ्ठा मागतात. जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही, असा त्यांचा हिशेब.

आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. व्हाइटनर आमच्या विभागात आणायलाच बंदी आहे. रिकामी राहिलेली जागासुद्धा तिरकी रेघ मारून बंद करायची, म्हणजे मागाहून कोणी तिथे शहाणपणा करू नये. बाबा, तुमच्या कचेरीतल्या आवक-जावक रजिस्टरची आठवण झाली ना? लहानपणी तुम्ही मला त्यात खाडाखोड दाखवून म्हणायचात, बघ, इथे कोणीतरी घाबरलेलं आहे. मला ते तेव्हा कळलं नव्हतं.

पण तुमच्या कचेरीची एक गोष्ट मला कामावर रोज सोडवावी लागते, ती म्हणजे भाषा. काही बिघडलं की त्याचा अहवाल लिहायचा असतो. नवी पोरं हुशार आहेत, काम चोख करतात, पण लिहायला बसली की त्यांच्या अंगात हेडक्लार्क संचारतो. ‘असे निदर्शनास आले आहे की सदर ठिकाणी तापमानात वाढ झाल्याचे आढळून आले.’ इंग्रजीतही तसंच लिहितात. अरे, कोणाच्या निदर्शनास? किती वाजता? किती वाढ? मी फक्त हे तीन प्रश्न विचारते आणि अर्धा कागद गळून पडतो. उरतं ते असं: रात्री 02:40 ला ऑपरेटरने 27.8 अंश वाचलं, मर्यादा 25 होती, त्याने 02:45 ला शिफ्टच्या साहेबांना फोन केला. तापमान त्यात होतंच, पण आता एक माणूसही आहे, आणि त्याने योग्य तेच केलं हेही दिसतंय. गोलमोल लिहिण्यात वाईट हे की त्यात चुकणारा लपतो तसा नीट वागणाराही लपतो.

दुसरं म्हणजे ‘मानवी चूक, पुन्हा प्रशिक्षण दिले’ हे वाक्य. ते दिसलं की माझं डोकं सटकतं. माणूस चुकला हे कारण नाही, तिथून कारण शोधायला सुरुवात होते. दोन पोत्यांची लेबलं सारखीच दिसत असतील तर त्या बिचाऱ्याला दहा वेळा शिकवून काय होणार? लेबल बदला की! पण लेबल बदलायला तीन विभागांच्या सह्या लागतात आणि प्रशिक्षणाला एक हजेरीपट पुरतो. असो. हे माझं नेहमीचं रडगाणं आहे, जेवताना शेजारी बसणारी मैत्रीणसुद्धा आता टेबल बदलते.

आमच्या घरमालक काकांचं दैवत म्हणजे ब्रह्मानंद शंखवाळकर. ताळगावचा हा गोलकीपर भारताचा कप्तान झाला, 2022 मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. काका म्हणतात, गोल मारणाऱ्याचं नाव पेपरात येतं, पण अडवलेल्या गोलांचा आकडा कधी कोणी छापला का गो? मला ते फार पटलं. माझीही नोकरी त्याच जागेवरची. महिना सुरळीत गेला तर मी काय केलं हे कोणाला दाखवता येत नाही.

आता मुद्द्यावर येते. बाबा, पान उलटू नका.

मागच्या महिन्यात डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री तुम्ही मला तुमच्या बीपीच्या वहीचा फोटो पाठवलात, "बघ, एकदम कंट्रोलमध्ये" असं लिहून. मी तो मोठा करून बघितला, सवयच आहे. पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत एकच पेन. एकच दाब. अक्षर एका ओळीत, जसं एका बैठकीला येतं. आणि आकडे 130/80, 130/80, 120/80, 130/80. बाबा, ते मशीन मीच घेऊन दिलंय. ते 137/83 दाखवतं, 128/79 दाखवतं. रोज शून्यावर संपणारे आकडे त्याच्याकडून येत नाहीत, ते माणसाकडून येतात. असा कागद आमच्याकडे आला तर तो तपासणाऱ्यांच्या हाती लागायच्या आधी मीच चौकशी सुरू करीन.

तुम्ही फसवत होता असं मला वाटत नाही. तुम्हाला डॉक्टरांपुढे चांगलं दिसायचं होतं, एवढंच. पण डॉक्टर त्या वहीवर गोळीचा डोस ठरवतात. खोट्या 130 वर ठरवलेला डोस पोटात मात्र खराच जातो.

तेव्हा एकदा नीट सांगते. चहा किंवा तंबाखू झाल्यावर अर्धा तास मोजू नका. (तंबाखू सोडलाय हे मला माहीत आहे. आईलाही बरंच काही माहीत आहे.) खुर्चीला पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लगेच लिहायचे, वेळेसकट. जास्त आला तरी तोच लिहायचा. आणि सामना बघताना अजिबात मोजायचं नाही. 7 डिसेंबरला सुपर कपच्या फायनलमध्ये ईस्ट बंगालबरोबर गोलशून्य बरोबरी झाली आणि पेनल्टी सुरू झाल्या तेव्हा तुम्ही मला फोनवर "थांब, बघू दे" म्हणून ओरडलात. कप आपण जिंकलो, पण त्या वेळी तुमचा आकडा काय असेल या विचाराने माझाच वाढला होता.

ही चेष्टा नाही बरं का. 2006 च्या विश्वचषकात जर्मनीचा सामना असेल त्या दिवशी म्युनिकच्या भागात हृदयाच्या त्रासाने तातडीची मदत लागणारे रुग्ण अडीच पटींपेक्षा जास्त वाढले होते, डॉक्टरांनी मोजून प्रसिद्ध केलेलं आहे. यंदा जून-जुलैमध्ये अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत विश्वचषक आहे. 48 संघ, 104 सामने, आणि आपल्याकडे त्यातले बरेच मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे. तुम्ही सगळे बघणार हे मला ठाऊक आहे. बघा. अर्जेंटिनाचे तर बघाच, नाहीतर पेठेत तोंड दाखवता यायचं नाही. पण रात्रीची गोळी चुकवून आणि चिवड्याची बरणी जवळ घेऊन नको.

तुम्ही दर रविवारी विचारता, "पुढचं काय ठरवलंयस?" आणि मी काहीतरी पुटपुटते. लग्न, बदली, फ्लॅट यातलं तुम्हाला जे ऐकायचंय ते अजून माझ्याकडे नाही. पूर्वी मी दर एक जानेवारीला डायरीच्या पहिल्या पानावर संकल्पांची यादी लिहायची. ते पान सुंदर दिसायचं आणि फेब्रुवारीत डायरी कपाटात जायची. आता यादी नाही. जे केलं ते त्याच दिवशी एका ओळीत लिहिते, आणि केलं नाही तर ‘नाही’ एवढंच. कारणं लिहायची नाहीत असा माझा नियम आहे, ती लिहायला घेतली की मी फार छान लिहिते आणि स्वतःलाच पटवते.

त्या डायरीत सध्या जास्त ओळी पोहण्याच्या आहेत. आई, घाबरू नकोस, समुद्रात नाही. कांपालच्या तलावावर, कमरेइतक्या पाण्यात, शिकवणाऱ्या बाईंच्या नजरेखाली. माझ्या बॅचला आठ वर्षांची पोरं आहेत, ती माझ्या शेजारून माशासारखी निघून जातात आणि पलीकडच्या काठावर माझी वाट बघत बसतात. गोव्यात इतकी वर्षं राहून पाण्याला घाबरायचं हे मला बरं वाटेना. डायरीत अजून ‘नाही’ जास्त आहेत. पण परवा एक ओळ लिहिली: आज पाय सुटले, रुंदी पार. तेवढी वाचून मी रात्री उशिरापर्यंत जागी होते. फ्लॅटचं ठरलं तरी एवढा आनंद होईल का, शंका आहे.

आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, 14 फेब्रुवारीला सुरू होईल असं जाहीर झालंय. मला शिमग्याला रजा मिळतेय, तेव्हा कोल्हापूरला येईन. शाहू स्टेडियमला आपण दोघं जाऊ. आईला यायचं असेल तर तिघं, पण ती म्हणणार, तिथे बसायला धड जागा नसते, आणि ते खरं आहे.

आता वहीचं काय करायचं ते. आई, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तू सिलिंडर लावला त्या तारखेला गोल करतेस, दूध आलं नाही तिथे फुली मारतेस, मोलकरणीचा खाडा लिहितेस, आणि हे सगळं उभ्या उभ्या, ओल्या हाताने, जेव्हाचं तेव्हा. आमच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेल्या माणसांनाही हे जमत नाही. महिनाअखेरीस दूधवाला तुझ्याशी कधी वाद घालत नाही ते यामुळेच. तर यापुढे बीपी तू मोजायचं आणि त्याच चौकोनात तू लिहायचं. बाबांनी फक्त पाच मिनिटं गप्प बसायचं, तेच काय ते अवघड. डॉक्टरांकडे जाताना पान फाडून न्यायचं, वही नाही.

आणि तुझा गुडघा दुखतो ते तू कुठेच लिहीत नाहीस, मला शेजारच्या काकूंकडून कळतं. ज्या दिवशी जिना चढताना दुखेल त्या दिवशी दुधाच्या फुलीशेजारी एक टिंब दे. शिमग्याला आले की टिंबं बघते आणि मग हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेते.

मशीनचे सेल बदला, गेल्या वर्षीचेच असतील.

तुमची लेक